उपग्रह फुकट, नकाशा विकत

१ ऑक्टोबर २००७ रोजी नोकियाने जाहीर केलं, की शिकागोची नॅव्हटेक ही कंपनी आपण ८.१ अब्ज डॉलरना घेत आहोत. तेव्हा जगात सर्वाधिक मोबाइल विकणारी कंपनी एवढी रक्कम मोजून नेमकं काय घेत होती? नॅव्हटेककडे उपग्रह नव्हते. तिच्याकडे रस्त्यांची माहिती होती. कोणता रस्ता एकेरी, कोणत्या चौकात उजवीकडे वळायला मनाई, कोणत्या गल्लीत ट्रक शिरत नाही, महामार्गावरून खाली उतरायचा फाटा नेमका कुठे, हे सगळं तिच्या माणसांनी गाड्यांतून हिंडून टिपून ठेवलं होतं. त्याच वर्षी टेली अ‍ॅटलास या दुसऱ्या नकाशा कंपनीवरून हॉलंडची टॉमटॉम आणि अमेरिकेची गार्मिन यांच्यात चढाओढ लागली. दोघीही गाडीत लावायचे नॅव्हिगेटर बनवणाऱ्या. गार्मिनने २.३ अब्ज युरोंची बोली लावली, टॉमटॉमने आपली बोली २.९ अब्जांवर नेली आणि कंपनी पदरात पाडून घेतली.

गाडीसाठी साधा, खिशाला परवडणारा नॅव्हिगेटर घ्यायला निघालेल्या माणसाने हे दोन सौदे लक्षात ठेवावेत. या धंद्यात मुरलेल्यांनी आपला पैसा नकाशावर लावला. आपण मात्र दुकानात गेल्यावर स्क्रीन किती इंची, आवाज किती मोठा आणि ‘सॅटेलाइट किती पकडतो’ हे विचारतो. यातला शेवटचा प्रश्न जवळजवळ गैरलागू आहे. का, ते समजून घेतलं की उरलेली निवड सोपी होते.

जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याची व्यवस्था. पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये गेला आणि १९९५ मध्ये २४ उपग्रहांची पूर्ण व्यवस्था सुरू झाल्याची घोषणा झाली. आज तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती दिवसातून दोन फेऱ्या घालतात. प्रत्येक उपग्रह अखंड एकच गोष्ट सांगत असतो: मी या घडीला इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. गाडीतलं यंत्र हे नुसतं ऐकतं, आकाशवाणी ऐकणाऱ्या रेडिओसारखं. ते वर काहीही पाठवत नाही. म्हणून त्याला सिमकार्ड लागत नाही, रिचार्ज लागत नाही, आणि एकाच रस्त्यावर हजारो गाड्यांनी ते लावलं तरी कुणाच्या वाट्याला कमी येत नाही.

संदेश सुटला कधी आणि पोचला कधी, यावरून यंत्र उपग्रहापासूनचं अंतर काढतं. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतात. घड्याळात एका मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरनी चुकतं. त्यासाठी उपग्रहांत अणुघड्याळं बसवलेली असतात. हिशेब इतका काटेकोर, की आइन्स्टाइनची सापेक्षताही त्यात धरावी लागते: वरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, आणि ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरहून मोठा घोळ होईल. आता असलं अणुघड्याळ गाडीतल्या यंत्रात बसवायचं म्हटलं तर ते कुणालाच परवडलं नसतं. इथे रचनाकारांनी केलेली युक्ती मला फार आवडते. जागा काढायला तीन उपग्रहांपासूनची अंतरं पुरतात. यंत्र चौथ्याचंही अंतर घेतं आणि त्या जादा आकड्यावरून स्वतःच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळाची चूक शोधून काढतं. महागडं घड्याळ वर, स्वस्त घड्याळ खाली. नॅव्हिगेटर सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो या चौथ्या उपग्रहामुळे.

एक अडसर मात्र मे २००० पर्यंत होता. नागरिकांसाठीच्या संदेशात अमेरिकी लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. पुण्याच्या सदाशिव पेठेत शंभर मीटर म्हणजे गाडी भलत्याच गल्लीत. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही भेसळ बंद केली आणि चूक रातोरात दहा-वीस मीटरवर आली. मोकळ्या आकाशाखाली आज ती पाचेक मीटर असते. रस्ता ओळखायला त्याहून सूक्ष्म मोजमाप फारसं लागत नाही, कारण गाडी रस्त्यावरच असणार हे धरून यंत्र बाण जवळच्या रस्त्यावर नेऊन ठेवतं.

तेव्हा संदेश फुकट, घड्याळ स्वस्त, आणि तो ऐकणारी चिप इतकी सर्रास झालेली की साध्यातल्या साध्या स्मार्टफोनमध्येही ती असते. महागड्या नॅव्हिगेटरमधली चिप स्वस्त नॅव्हिगेटरमधल्या चिपपेक्षा तुम्हाला वेगळ्या गावाला पोचवत नाही. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बेइडू या व्यवस्थाही हल्लीची यंत्रं ऐकतात. उंच इमारतींच्या दाटीत त्याचा फायदा होतो, आणि तो स्वस्त यंत्रांनाही मिळतो.

नाविक या आपल्या भारतीय उपग्रह व्यवस्थेबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण हल्ली खोक्यावर ते नाव दिसतं आणि ग्राहकाला त्याचा योग्य अभिमान वाटतो. १९९९ च्या कारगिल युद्धाने परक्या व्यवस्थेवर विसंबण्यातला धोका दाखवून दिला. इस्रोने जुलै २०१३ ते एप्रिल २०१६ या काळात सात उपग्रह सोडून ही व्यवस्था उभी केली. पुढे त्यातल्या काही उपग्रहांची आयात केलेली अणुघड्याळं बंद पडली, आणि मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये इस्रोने भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसवलं. साध्या जीपीएस यंत्रांची चिप जी लहर ऐकते त्या एल-१ पट्ट्यात बोलणारा नाविकचा हा पहिला उपग्रह. देशासाठी हे फार मोलाचं काम आहे. पण मोटारीतल्या नॅव्हिगेटरची निवड त्या शिक्क्यावरून करू नये. तिथे तो असला तर उत्तम, नसला तर काही अडत नाही.

सगळीच यंत्रं ज्या जागी गोंधळतात अशा दोन जागा आहेत. पहिली बोगदा. समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीजवळचा बोगदा सुमारे आठ किलोमीटरचा आहे, आणि एवढं अंतर आकाश दिसत नाही. गाडीत कंपनीनेच बसवलेली यंत्रणा चाकांच्या फेऱ्या मोजून बाण पुढे सरकवते. काचेला चिकटवलेला साधा नॅव्हिगेटर शेवटच्या वेगावरून अंदाज बांधतो आणि थोड्या वेळाने हात टेकतो. यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही, कारण बोगद्यात वळायचं कुठे असतं? दुसरी जागा म्हणजे एकावर एक रस्ते. नागपूरच्या वर्धा रस्त्यावर सर्वांत वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल आणि खाली जुना रस्ता असा तीन किलोमीटरहून लांब पट्टा आहे. नकाशावर वरचा आणि खालचा रस्ता एकाच रेषेत येतात, आणि जीपीएसचं उंचीचं मोजमाप नेहमीच कच्चं असतं: सगळे उपग्रह डोक्याच्या वरच्या अंगाला, खालून ताळा घ्यायला एकही नाही. त्यामुळे पुलावर चढायच्या आधीची सूचना नीट ऐकायची, आणि पुलावर असताना ‘डावीकडे वळा’ असं आलं तर घाबरून ब्रेक मारायचा नाही. हे कुठल्याही किमतीच्या यंत्राला लागू आहे.

आता नकाशा. पैसे, मेहनत, चुका आणि धोके, सगळं इथे आहे.

समजा, २०१९ सालचा नकाशा असलेला नॅव्हिगेटर तुम्ही आज गाडीत लावला. शिवडीहून अटल सेतूवर चढलात की बाण निळ्या खाडीत शिरेल आणि २२ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर बहुतेक वेळ पाण्यातच चालेल, कारण हा पूल सुरू झाला १२ जानेवारी २०२४ ला. नागपूरहून शिर्डीला निघालात तर समृद्धी महामार्ग त्याला ठाऊकच नसेल. त्या महामार्गाचा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव किंवा अहिल्यानगर असं शोधायला गेलात तर ही गावंच सापडणार नाहीत, जुनं नाव घालावं लागेल. यंत्र त्याहून जुनं असेल तर मुंबई-गोवा महामार्गाला ते अजून १७ क्रमांकाचा म्हणेल आणि रस्त्यावरच्या पाट्या ६६ दाखवतील. चिप ठणठणीत, स्क्रीन लखलखीत, आणि यंत्र निरुपयोगी.

हा त्रास झाला गैरसोयीचा. जिवावर बेतणारे प्रसंगही घडले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलावरून एक गाडी थेट नदीपात्रात कोसळली आणि तिघे जण गेले. पुलाचा पुढचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता. नकाशात तो शाबूत होता. आपल्या अकोले तालुक्यात जानेवारी २०२१ मध्ये धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री गाडी गेली आणि चालकाला जीव गमवावा लागला. दोन्ही ठिकाणी रस्त्यावर धड अडथळा किंवा फलक नव्हता, ही यंत्रणांची जबाबदारी होतीच. पण नकाशा हा कधीतरी केलेल्या पाहणीचा कागद आहे, आणि पावसाळा त्या पाहणीची वाट बघत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे फरशी पूल पाण्याखाली जातात, वरंधा घाटासारखे रस्ते दरडींमुळे बंद ठेवावे लागतात. अशा दिवसांत यंत्राला ‘जवळचा रस्ता’ निवडू देऊ नये. जवळजवळ प्रत्येक नॅव्हिगेटरच्या सेटिंगमध्ये लवकरचा मार्ग आणि कमी अंतराचा मार्ग असे दोन पर्याय असतात, आणि कच्चे रस्ते टाळा अशी एक खूण असते. कमी अंतराचा पर्याय दोन किलोमीटर वाचवण्यासाठी बैलगाडीच्या वाटेवरही घालू शकतो. यंत्र हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे लवकरचा मार्ग निवडणं आणि कच्चे रस्ते टाळण्याची खूण करणं.

नकाशा जमिनीवर पाय झिजवून होतो, हे आपल्या प्रांताला नवीन नाही. १८०२ मध्ये मद्रासजवळ भारताच्या महासर्वेक्षणाला हात घालणारे विल्यम लॅम्बटन मोजणी करत करत उत्तरेकडे सरकत होते, आणि १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. हल्लीची पाहणी छपरावर कॅमेरे लावलेल्या गाड्यांतून होते, तरी गाडी त्या रस्त्याने जावी लागतेच. दिल्लीची मॅपमायइंडिया १९९५ पासून हेच करते आहे. एकेकाळी तिने गाडीत लावायचे नॅव्हिगेटरही विकले, आता तिचं मॅपल्स हे अ‍ॅप आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे बनवण्यावरची बरीच बंधनं उठवली आणि फार बारकाईचे नकाशे स्वतःजवळ ठेवण्याची मुभा भारतीय कंपन्यांनाच दिली. पैसे न घेता, स्वयंसेवकांच्या हातून वाढत गेलेला ओपनस्ट्रीटमॅप हा तिसरा मार्ग. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या या नकाशात आपल्या खेड्यातली पायवाट तुम्ही स्वतः भरू शकता.

यंत्राच्या खोक्यावर ‘लाइफटाइम मॅप’ असं छापलेलं असतं. इथे आयुष्य धरलं जातं ते यंत्राचं, आणि ते कधी संपलं हे कंपनी ठरवते. त्या मॉडेलसाठी नकाशे काढणं तिने थांबवलं की संपलं. म्हणून बाजारातून उठायच्या बेतात असलेलं जुनं मॉडेल स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नये. नव्या श्रेणीतलं सर्वांत साधं मॉडेल घ्यावं. नकाशाची फाइल दर वर्षी फुगत जाते, त्यामुळे मेमरी कार्डाची खाच आहे की नाही तेही पाहावं. नाहीतर चार वर्षांनी नवा नकाशा फुकट मिळतो आणि यंत्रात मावत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो नकाशा कुठल्या देशाचा आहे. न्यू जर्सीतल्या मुलाने तिथे वापरलेला नॅव्हिगेटर येताना आई-बाबांसाठी आणला, असं अनेक घरांत घडलं आहे. त्या यंत्रात उत्तर अमेरिका असते. पुण्यात ते उपग्रह बरोबर पकडेल, अक्षांश-रेखांशही बरोबर दाखवेल, आणि बाण एका कोऱ्या पडद्यावर उभा राहील. भारताचा नकाशा वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि तो त्या मॉडेलसाठी मिळतो का, ते आधी विचारावं लागतं.

मग वेगळं यंत्र घ्यावंच का? ऑक्टोबर २००९ मध्ये गुगलने अँड्रॉइड फोनवर वळणावळणाला बोलणारी वाटदर्शक सेवा फुकट दिली, तेव्हा गार्मिन आणि टॉमटॉमचे शेअर एका दिवसात घसरले. ज्या नकाशासाठी अब्जावधी मोजले गेले होते, तसाच नकाशा कुणीतरी फुकट वाटायला काढला होता. आज महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना माझा सल्ला स्पष्ट आहे: नॅव्हिगेटरवर पैसे घालू नका, काही शे रुपयांचं चांगलं होल्डर आणि चार्जर घ्या. ‘लोकेशन टाक, मॅप लावतो’ हे आपल्या तोंडी रुळलेलं आहेच. आपल्या पत्त्यांना तेच सोयीचंही पडतं. ‘मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीशेजारी’ हा पत्ता जुन्या पद्धतीच्या नॅव्हिगेटरला कळत नाही. त्याला रस्त्याचं नाव आणि घरनंबर हवा असतो, जो आपल्या निम्म्या वस्त्यांना नाहीच. नॅव्हिगेटर घेतलाच तर त्यात अक्षांश-रेखांश घालता येतात ना, एवढं बघा. शनिवारवाड्याचे आकडे साधारण १८.५१९५ उत्तर आणि ७३.८५५३ पूर्व, दशांशानंतर चार आकडे घातले की जागा दहाएक मीटरवर येते, शेतातल्या घरालाही हे पुरतं. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षरी डिजिपिन याच आकड्यांवरून बनतो आणि साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो.

फोनच्या बाबतीत एक समज मात्र काढून टाकायला हवा. ताम्हिणीत किंवा माळशेजला रेंज गेली की लोक म्हणतात, जीपीएस गेलं. जीपीएस जागच्या जागी असतं. मोबाइलच्या मनोऱ्याशी त्याचा संबंध नाही. गेलेला असतो तो नकाशा, कारण फोन तो रस्त्यात तुकड्यातुकड्याने उतरवून घेत होता. घरून निघण्यापूर्वी वाय-फायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवला की घाटातही बाण आणि रस्ता दोन्ही दिसतात. गुगल मॅप्समध्ये ही सोय २०१५ पासून आहे. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑसमअँड ही अ‍ॅप्स तर मुळात याच पद्धतीची आहेत, ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी. वाहतूक कोंडीची ताजी खबर अर्थातच मिळत नाही.

यातूनच सर्वांत स्वस्त नॅव्हिगेटर तयार होतो: घरात पडून असलेला जुना स्मार्टफोन. सिम काढा, राज्याचा नकाशा उतरवा, गाडीत लावा. मुख्य फोन मोकळा राहतो आणि ऐन चौकात फोन आल्यावर नकाशा झाकला जात नाही. सिम नसल्याने उपग्रह सापडायला थोडा जास्त वेळ लागतो, कारण सिमवाला फोन उपग्रहांच्या जागा इंटरनेटवरून आधीच मागवून घेतो. जुना टॅब्लेट वापरायचा असेल तर जपून. फक्त वाय-फायवर चालणाऱ्या अनेक टॅब्लेटमध्ये, आयपॅडसह, जीपीएसची चिपच नसते. आणि मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे काचेमागे ठेवलेला कुठलाही फोन तापून बंद पडू शकतो. त्याला एसीच्या झरोक्यासमोर बसवावं.

वेगळा नॅव्हिगेटर ज्यांनी घ्यावा असे दोन गट मला दिसतात. एक म्हणजे फोनच्या कटकटीला कंटाळलेले ज्येष्ठ चालक, ज्यांना एक बटण दाबून एकच काम करणारी वस्तू हवी आहे. दुसरा गट अमेरिका-युरोपातल्या मराठी घरांचा आणि तिथे जाऊन गाडी भाड्याने घेणाऱ्यांचा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत तासन्‌तास मोबाइलची रेंज नसते, आणि तिथे पत्ते, रस्त्यांची नावं, क्रमांक इतके शिस्तीत आहेत की यंत्र आपलं काम चोख करतं. गार्मिनच्या ड्राइव्ह ५३ सारखं पाच इंची साधं मॉडेल दीडशे डॉलरच्या आसपास मिळतं. त्याच कंपनीच्या महागड्या मालिकेत ब्लूटूथ, आवाजी हुकूम, मोठा पडदा अशा गोष्टी वाढतात. नकाशा तोच राहतो. म्हणून साधंच घ्यावं. भाड्याच्या गाडीसोबत दिवसाच्या दराने नॅव्हिगेटर घेण्यापेक्षा लांबच्या मुक्कामात स्वतःचा घेणं बहुधा स्वस्त पडतं. तरीही डेथ व्हॅलीचं उद्यान प्रशासनच पाहुण्यांना सांगतं की निव्वळ जीपीएसवर विसंबू नका. तिथे कागदी नकाशा आणि पाणी दोन्ही जवळ हवं.

यंत्राच्या अंगाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पडदा पाच इंच पुरतो. चाळिशीचा चष्मा असेल तर सहा. यंत्र रस्त्याचं नाव उच्चारणारं हवं, नुसतं ‘उजवीकडे वळा’ म्हणणारं परक्या शहरात अपुरं पडतं. आतली बॅटरी तासाभराची असते, त्यामुळे ते नेहमी गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवरच चालवायचं. चोषक पकड काचेवर बसवण्याआधी काच पुसून कोरडी करावी. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर संदेश अडतो. आणि ते एअरबॅगच्या वाटेत कधीही बसवू नये.

कायद्याचं मात्र नीट बघावं, कारण तो देशागणिक बदलतो. भारतात १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार हातातलं संपर्कसाधन गाडी चालवताना फक्त मार्ग पाहण्यासाठी वापरता येतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. कॅलिफोर्नियात काचेवर नॅव्हिगेटर लावायच्या जागा ठरलेल्या आहेत: चालकाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात पाच इंची चौकोन, पलीकडच्या खालच्या कोपऱ्यात सात इंची. फ्रान्समध्ये वेगमापक कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणाऱ्या यंत्रांना २०१२ पासून बंदी आहे; स्वित्झर्लंडमध्ये असं यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे. तिकडे निघण्यापूर्वी ती सूचना बंद करून घ्यावी.

उलट दिशेचा, म्हणजे परदेशातून भारतात यंत्र आणण्याचा धोका याहून मोठा आहे. गार्मिनचीच इनरीच नावाची उपकरणं उपग्रहामार्फत संदेश पाठवतात. डोंगरात हिंडणाऱ्यांना ती फार उपयोगी वाटतात, पण भारतात परवान्याशिवाय उपग्रह संपर्कसाधन जवळ ठेवणं बेकायदा आहे, आणि ती सामानात सापडल्याने परदेशी प्रवाशांना गोव्याच्या विमानतळावर अटक झालेली आहे. गाडीतला नॅव्हिगेटर नुसता ऐकणारा, त्याला ही अडचण नाही. परदेशातल्या नातेवाइकाला यंत्र आणायला सांगताना हा फरक त्याला फोनवर समजावून सांगावा.

शेवटी वापरलेल्या यंत्राविषयी, कारण स्वस्तातली खरेदी बऱ्याचदा तिथेच होते. जीपीएसचा संदेश आठवडे मोजतो आणि जुन्या पद्धतीत १०२३ च्या पुढे मोजणी पुन्हा शून्यावर येते. १०२४ आठवडे म्हणजे १९ वर्षं सात महिने. अशी मोजणी एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि ज्या यंत्रांचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं गेलं नव्हतं त्यांतली काही त्या दिवशी वीस वर्षं मागे गेली. तेव्हा यंत्र सुरू करून आधी तारीख बघा. ती वीसेक वर्षं जुनी असेल तर पोचण्याची वेळ चुकेल आणि उपग्रह शोधतानाही ते अडखळेल. मग नकाशाचं साल बघा. सेटिंगमध्ये ‘अबाउट’ या पानावर ते असतं. पडद्याचे चारही कोपरे बोटाने दाबून पाहा, कारण अक्षरं टाइप करताना कोपऱ्यांतलीच बटणं नेमकी रुसतात.

त्यानंतर यंत्र मोकळ्या जागी घेऊन जा आणि स्थिर उभे राहा. महिनोन्‌महिने बंद असलेल्या यंत्राला उपग्रहांचं वेळापत्रक नव्याने उतरवून घ्यावं लागतं. संदेशाचा वेग सेकंदाला अवघा ५० बिट आहे. एका उपग्रहाची स्वतःची जागा कळायला अर्धा मिनिट लागतो, आणि सगळ्या ताफ्याचं ढोबळ वेळापत्रक मिळायला साडेबारा मिनिटं. पहिल्या पाच मिनिटांत बाण दिसला नाही म्हणून यंत्र बिघडलं असं समजू नका. पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर ठेवूनही दिसला नाही, तर परत करा. बाण दिसला, की आपल्या ओळखीच्या तीन जागा घालून बघा: एक शहरातली, एक तालुक्याच्या गावची आणि एक गेल्या दोन-तीन वर्षांत झालेल्या नव्या रस्त्यावरची. विकणारा हे करू द्यायला तयार नसेल तर दुसऱ्याकडे जावं.